हर्लिंगचा सामना बघायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २०१७ च्या हिवाळ्यात आयर्लंडमध्ये लिमरिकला राहायला आले. पुढच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी संध्याकाळी अख्खं गाव हिरवं होऊन रस्त्यावर उतरलं, पासष्टीचे आजोबा चौकात उभे राहून ढसाढसा रडत होते, आणि मला कळेना की नक्की झालंय काय. लिमरिकने ४५ वर्षांनी हर्लिंगचं विजेतेपद मिळवलं होतं. तेव्हापासून हा खेळ बघतेय. नवीन आलेली मराठी मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

हर्लिंग म्हणजे नक्की काय? हॉकीसारखंच ना?

काठी आणि चेंडू, इतकंच साम्य. हॉकीत चेंडू बहुतेक वेळ जमिनीवर असतो, इथे बहुतेक वेळ हवेत. विटी-दांडूत विटी टोला मारण्याआधी उडवतात ना, तसा इथला खेळाडू चेंडू काठीने उचलून, हवेत सोडून, पळता पळता टोलवतो. तो ऐंशी-नव्वद मीटर लांब जातो आणि तिथे दुसरा कुणीतरी पाच जणांच्या काठ्यांमध्ये हात घालून तो उघड्या हाताने झेलतो. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो.

दोन्ही बाजूंना १५-१५ खेळाडू. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, ८० ते ९० मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा चांगलंच मोठं. काठीला हर्ली म्हणतात, काही जिल्ह्यांत नुसतं हर्ल. आयरिश भाषेत तिचं नाव कमॉन, 'कॅम' म्हणजे वाकडा यावरून. आपली कमानही वाकडीच असते, पण हा निव्वळ योगायोग समजा. चेंडूला स्लिटर म्हणतात. आत बुचाचा गाभा, वर चामडं, आणि चामड्याच्या शिवणीची उंच कड. वजन ११० ते १२० ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, पण लागला तर तेवढाच लागतो.

खेळ फार जुना आहे. सेतांता नावाच्या मुलाने हर्लीने चेंडू टोलवून कुलन लोहाराचा राखणीचा कुत्रा मारला आणि त्यावरून त्याचं नाव कु खुलन, म्हणजे कुलनचा कुत्रा, असं पडलं ही दंतकथा इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

गुणफलक ३-२९ असा दिसतो. हे काय गणित आहे?

हे एकदा कळलं की अर्धा खेळ कळला. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट. दांडीच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, आणि एक गोल म्हणजे तीन पॉइंट. फलकावर आधी गोल, मग पॉइंट. म्हणजे ३-२९ हे तीन गोल आणि २९ पॉइंट, एकूण ९ अधिक २९, बरोबर ३८.

आता २०२४ ची अंतिम लढत घ्या. क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. घाईत बघणाऱ्याला वाटतं कॉर्कचे ३४ म्हणजे तेच पुढे. करा बेरीज: ३८ विरुद्ध ३७. जादा वेळेनंतर क्लेअर एका पॉइंटने जिंकलं. माझ्या पहिल्या वर्षीचा, म्हणजे २०१८ चा निकालही असाच: लिमरिक ३-१६, गॅलवे २-१८, म्हणजे २५ विरुद्ध २४.

प्रत्येक गोलच्या दोन्ही खांबांपाशी पांढरा डगला घातलेले दोन अंपायर उभे असतात, पूर्वीच्या कंपाउंडरसारखे. पॉइंट झाला की पांढरा झेंडा, गोल झाला की हिरवा. चेंडू कुठून गेला हे नवख्या डोळ्याला अर्ध्या वेळा दिसतच नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं चेंडूचा नाद सोडून त्या डगल्यांकडे बघा. चेंडू खांबांच्याही वरून गेला असेल तर वाद होतो, आणि क्रोक पार्कसारख्या मोठ्या मैदानात त्याचा निकाल हॉक-आय लावतं. क्रिकेटमुळे ते आपल्याला नवीन नाही.

चेंडू हातात घेऊन पळतात, मग फाउल कशाचा?

जमिनीवरचा चेंडू हाताने उचलता येत नाही, आधी काठीने उचलावा लागतो. हातात घेतल्यावर चार पावलं, पाचवं टाकलं की शिट्टी. (टाकलं असं वाटलं तरी विरुद्ध बाजूचे आठ हजार लोक "स्टेप्स!" म्हणून ओरडतात. तुम्हीही ओरडा, कुणी मोजलेली नसतात.) पुढे पळायचं असेल तर चेंडू काठीच्या पसरट टोकावर तोलत न्यायचा. लिंबू-चमचा आठवा, फक्त मागे नव्वद किलोचा गडी काठी घेऊन लागलेला. एका वेळी चेंडू दोनदाच हातात घेता येतो. हाताने फेकायचा नाही, तळव्याने चापट मारून द्यायचा.

खांद्याला खांदा भिडवणं नियमात आहे. मागून ढकलणं, काठी अंगावर ओढणं नाही. समोरच्याने काठी मागे नेली की त्याच्या काठीत मागून आपली काठी अडकवून फटका वाया घालवणं याला हुक म्हणतात. टीव्हीवर तो दिसत नाही, मैदानात दिसतो, आणि जाणकार लोक गोलपेक्षा जास्त टाळ्या कधी कधी हुकला देतात.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो जमिनीवर ठेवून काठीने कापल्यासारखा मारतात, त्याला साइडलाइन कट म्हणतात. पन्नास-साठ मीटरवरून, तिरक्या कोनातून, गवतात रुतलेला चेंडू कुणी थेट दांडीवरून घालतो तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस तुमचा दंड धरून हलवतो. तेव्हा दचकू नका.

आणि पासष्ट. बचाव करणाऱ्यांनी चेंडू स्वतःच्याच मागच्या रेषेबाहेर घालवला तर ६५ मीटरच्या रेषेवरून मोकळा फटका मिळतो. लोक म्हणतात "इट्स अ सिक्स्टी-फाइव्ह". यापुढे नियम विचारायचे थांबवा, बाकीचे बघता बघता कळतात.

पहिला सामना कुठला बघावा?

इथे माझं मत ठाम आहे. क्रोक पार्कच्या अंतिम सामन्यापासून सुरुवात करू नका. तिकीट मिळत नाही हे तर आहेच, पण तिथे खेळ लांबून दिसतो आणि समारंभ जास्त. पहिला सामना टिपेरारीतल्या थर्ल्स गावी, सेम्पल स्टेडियममध्ये, मन्स्टर गटातला बघा.

आयर्लंडमध्ये हा खेळ जिल्ह्याजिल्ह्यांमध्ये खेळला जातो. त्यांच्या काउंटीला मी जिल्हाच म्हणते, कारण भावना तीच आहे: सांगली-कोल्हापूर, नगर-नाशिक. मन्स्टर गटात पाच जिल्हे आहेत: कॉर्क, लिमरिक, क्लेअर, टिपेरारी, वॉटरफोर्ड. २०१८ पासून ते साखळी पद्धतीने प्रत्येकाशी खेळतात, वरचे तीन पुढे जातात, म्हणजे एकही सामना लुटुपुटूचा नसतो. लाइन्स्टर गटात किलकेनी, वेक्सफर्ड, डब्लिन, गॅलवे वगैरे. सर्वात जास्त, ३६ विजेतेपदं किलकेनीकडे आहेत, पण त्यांचे प्रेक्षक फार शहाणे आहेत. थोडा वेडेपणा हवा असेल तर मन्स्टर.

तेही जमत नसेल तर तुमच्या वस्तीतल्या क्लबचा सामना. तिथे तुम्ही मैदानापासून दोन हातांवर उभे असता. हर्लीवर हर्ली आपटल्याचा आवाज पहिल्यांदा मी तिथेच जवळून ऐकला. पावसाळ्यात वाळकी फांदी मोडते तसा कोरडा, आखूड आवाज. त्यानंतर चिखलातून पाय ओढल्याचा, दोघांच्या धापांचा, आणि कठड्याला टेकलेल्या एका बाईचा: "जॉनी, पोरा, जेवला नाहीस का सकाळी?" तिचाच मुलगा होता.

सामने कधी असतात?

जिल्ह्यांचा हंगाम एप्रिल ते जुलै. अंतिम सामना जुलैच्या उत्तरार्धात. जुनी माणसं तुम्हाला सप्टेंबरचा पहिला रविवार सांगतील, कारण अनेक दशकं तो तेव्हाच व्हायचा. २०२२ पासून आधी जिल्हे, नंतर क्लब असा हंगाम विभागला. यावर त्यांचा अजून राग आहे, विषय काढू नका, अर्धा तास जातो. ऑगस्टपासून क्लबचे सामने. त्याआधी, जानेवारीच्या शेवटापासून लीग असते. ती थंडीत कुडकुडत बघायची, गर्दी कमी आणि तिकीट स्वस्त.

जिल्ह्यांचा वरिष्ठ गटाचा सामना ७० मिनिटांचा, ३५-३५ ची दोन सत्रं. क्लबचा ६० मिनिटांचा. क्रिकेटवाल्यांना हे फार थोडं वाटतं. पण सत्तर मिनिटांत चाळीस-पन्नास वेळा झेंडा वर होतो. खिशातून फोन काढलात की काहीतरी चुकलंच.

तिकीट कसं काढायचं?

गॅलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, सगळे जीएए म्हणतात, त्यांच्या संकेतस्थळावरून. बहुतेक मोठ्या सामन्यांना दारावर रोख पैसे देऊन आत जाता येत नाही, तिकीट फोनवर असावं लागतं. स्टँड म्हणजे खुर्ची, टेरेस म्हणजे पायऱ्यांवर उभं राहणं. टेरेस स्वस्त आणि मजेशीर, पण वर छप्पर नाही.

अंतिम सामन्याचं मात्र वेगळं. ती तिकिटं खुल्या विक्रीला येत नाहीत, जिल्हा आणि क्लबमार्फत वाटली जातात. म्हणून जुलैत सगळा देश एकमेकांना तिकीट विचारत फिरतो. माझ्या कार्यालयात एकाने सहा महिने कुणाशीतरी गोड बोलून एक मिळवलं होतं. मार्ग एकच: क्लबचे सभासद व्हा, मुलांना तिथे खेळवा, दोन वर्षं शनिवारी सकाळी सरावाचे शंकू मांडायला जा. आपल्याकडे लग्नात वाढपी होऊनच घरोबा वाढतो, तसंच.

कुठल्या संघाचं व्हायचं?

राहता तिथल्या जिल्ह्याचं. पर्याय नसतो, असं इथले लोक मानतात. कॉर्क लाल-पांढरा, टिपेरारी निळा-सोनेरी, लिमरिक हिरवा-पांढरा, क्लेअर केशरी-पिवळट आणि निळा, किलकेनी काळे-पिवळे पट्टे, गॅलवे गडद तांबडा, वेक्सफर्ड जांभळा-पिवळा. कपडे निवडताना हे लक्षात असू द्या. मी एकदा थर्ल्सला टिपेरारी-कॉर्क सामन्याला नकळत लाल जाकीट घालून गेले आणि नेमकी टिपेरारीवाल्यांच्या मधोमध जागा. कुणी काही वाईट बोललं नाही, पण सत्तर मिनिटं मला 'कॉर्कच्या बाई' अशीच हाक होती. टिपेरारीचा गोल झाला की आजूबाजूचे चार जण वळून माझं सांत्वन करायचे.

प्रेक्षकांत मारामाऱ्या होतात का? बायका-मुलांना नेणं सुरक्षित आहे?

हो, न्या. दोन्ही बाजूंच्या लोकांना वेगळं बसवण्याची पद्धतच नाही. नवरा टिपेरारीचा, बायको कॉर्कची, शेजारी शेजारी. शिव्या असतात, बहुतेक पंचाला. मैदानावर खेळाडूंची झोंबाझोंबी होते, तिला 'शेमॉझल' असा खास शब्द आहे: पाच-सहा जण एकमेकांच्या जर्सी धरतात, पंच शिट्ट्या वाजवतो, दोघांना पिवळं कार्ड, खेळ सुरू. लोकांना ते आवडतं हे कबूल करावं लागेल.

थर्ल्सला जायचं म्हणजे दिवस कसा घालवायचा?

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून कॉर्कच्या गाडीने साधारण सव्वा तास. लिमरिकहून लिमरिक जंक्शनला गाडी बदलायची. सामना दुपारी तीन-साडेतीनचा असेल तर बाराला पोचा. स्थानक, गावचा चौक, स्टेडियम, सगळं पायी.

चौकाचं नाव लिबर्टी स्क्वेअर. तिथे हेज हॉटेल आहे. १ नोव्हेंबर १८८४ ला मायकल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि मोजकी माणसं याच हॉटेलात जमली आणि जीएए स्थापन झाली. ब्रिटिश अमलात देशी खेळ मागे पडत होते आणि मैदानं साहेबी खेळांकडे चालली होती. त्यावर या मंडळींनी संघटना काढली, आणि ती बघता बघता खेड्याखेड्यांत पोचली. टिळकांनी गणपती चौकात आणला त्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. दोन्हींमध्ये संबंध काही नाही, पण मला थर्ल्सच्या चौकात उभं राहिलं की ते आठवतंच.

सामन्याच्या दिवशी त्या चौकाची जत्रा होते. झेंडे, टोप्या, कपाळपट्ट्या विकणारे, पबच्या दारात ग्लास घेऊन उभे असलेले, आणि शेताच्या कडेला गाड्या लावून डिकी उघडून सँडविच खाणारी कुटुंबं. डिकीतलं सँडविच हा विधी आहे. ब्रेड, लोणी, हॅम, थर्मासमधला चहा. एका आजींनी मला विचारलं, "मांस खात नाहीस? मग नुसतं लोणी-ब्रेड घे." मी त्यांना थालीपीठ दिलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि नातवाला म्हणाल्या, "याच्यावर आपला मधला बचावपटू दोन तास पळेल."

खायला काय मिळतं? आपलं काही नेता येतं?

मैदानात चिप्स, बर्गर, चहा, चॉकलेट. शाकाहाऱ्यांनी चिप्सवर दिवस काढायची तयारी ठेवावी किंवा पोळीचा रोल करून न्यावा. काचेची बाटली आणि मोठी सॅक नेऊ नका, दारावर अडवतात. दारू घेऊन खुर्चीवर जाता येत नाही.

छत्री नको. मागच्याला दिसत नाही आणि तो ते स्पष्ट सांगतो. टोपीवाला रेनकोट घ्या, जूनमध्येसुद्धा. आयरिश उन्हाळा म्हणजे महाबळेश्वरचा ऑक्टोबर, कधी ऊन, कधी झड, एकाच तासात.

क्रोक पार्कला जायचंच आहे. काय बघू?

डब्लिनमध्ये ओ'कॉनेल स्ट्रीटवरून वीस-पंचवीस मिनिटं चालत. ८२,३०० लोक बसतात. एका टोकाला हिल १६, उभ्याने बघायची जागा. १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावातल्या पडझडीचा राडारोडा टाकून ती टेकडी केली असं लोक हौसेने सांगतात, पण ती त्याच्या आधीपासून होती.

खरी जखम दुसरी आहे. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिन आणि टिपेरारी यांच्या गॅलिक फुटबॉलच्या (हा जीएएचाच दुसरा खेळ) सामन्यात ब्रिटिश दलांनी मैदानात शिरून गोळीबार केला. चौदा जण मेले. त्यात टिपेरारीचा खेळाडू मायकल होगन होता. मुख्य स्टँडला त्याचं नाव आहे, आणि विजेता कर्णधार हर्लिंगचा लिअम मकार्थी चषक तिथेच, होगन स्टँडच्या पायऱ्या चढून घेतो. जालियनवाला बाग त्याच्या आधीच्या वर्षीची. एवढं माहीत असलं की त्या पायऱ्या वेगळ्या दिसतात. सामना नसेल त्या दिवशी संग्रहालय आणि मैदानाची सफर असते, ती जरूर करा.

मोठ्या सामन्याआधी बँडच्या मागून दोन्ही संघ मैदानाला फेरी मारतात. मग राष्ट्रगीत, आयरिश भाषेत. सगळे झेंड्याकडे वळून उभे राहतात, तुम्हीही राहा, शब्द येत नसले तरी चालतं. शेवटची ओळ मात्र कुणाला ऐकू येत नाही, कारण त्याआधीच लोकांनी आरोळी ठोकलेली असते.

एवढे लोक येतात म्हणजे खेळाडू करोडपती असतील?

एकालाही पगार नाही. हे ऐकून आपल्याकडच्या माणसाचा विश्वास बसत नाही. आयपीएलचा लिलाव बघून मोठे झालो आपण. प्रवासखर्च आणि थोडं सरकारी अनुदान मिळतं, बाकी सगळे आपापल्या नोकऱ्या करतात. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी बँकेत. रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी सातवीच्या वर्गात हजेरी घेतो. खरेदी-विक्री नाही. ज्या गावचा, त्या गावच्या क्लबचा, आणि त्यातून त्या जिल्ह्याचा.

त्यामुळेच चौकातले ते आजोबा रडत होते. मैदानावर त्यांच्या गल्लीतली पोरं होती. शेवटच्या काही मिनिटांत लिमरिकची आठ गुणांची आघाडी वितळून एकावर आली होती, आणि गॅलवेच्या जो कॅनिंगने स्वतःच्या हद्दीतून मारलेला शेवटचा फटका गोलसमोर खाली पडला. तो दांडीवरून गेला असता तर बरोबरी. पुढे लिमरिकने २०२० ते २०२३ सलग चार विजेतेपदं घेतली, पण आजही गावात गोष्ट निघते ती २०१८ ची.

दुखापती होतात का?

होतात. बोटं मोडतात, गुडघे जातात. २०१० पासून सगळ्यांना जाळीचं हेल्मेट सक्तीचं आहे. त्याआधी कित्येक जण उघड्या डोक्याने खेळायचे. ते फोटो पाहिले की या लोकांचं कौतुक करावं की डॉक्टरकडे न्यावं कळत नाही. प्रेक्षकांसाठी एकच सूचना: गोलच्या मागे बसलात तर चेंडू अंगावर येतो. झेललात तर टाळ्या मिळतात.

हर्ली कशाची असते? आठवण म्हणून विकत घेऊ का?

जरूर घ्या, पण पर्यटकांच्या दुकानातली नको, ती भिंतीवर टांगायची असते. गावागावांत हर्ली करणारे कारागीर आहेत. लाकूड अ‍ॅश झाडाचं, आणि तेही बुंध्याचं, जिथे खोड मुळाकडे वळतं. त्या वळणाबरोबर लाकडाचे तंतूही वळलेले असतात, म्हणून काठीचं टोक तिथे मोडत नाही. पसरट टोकाला 'बॉस' म्हणतात, त्यावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकतात. माप कमरेपर्यंत बघतात. कारागीर तुम्हाला उभं करून, हातात तीन-चार देऊन मनगट फिरवायला लावतो, आपल्याकडे बॅट निवडताना टकटक करतात तसं.

अलीकडे एक संकट आहे. अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, आयर्लंडमध्ये तो २०१२ मध्ये सापडला आणि झाडं भराभर वाळत गेली. लाकूड बाहेरून आणावं लागतं, आणि आता बांबूच्या हर्लीही आल्यात. बांबू म्हटल्यावर आपले कान टवकारतात. मी एकदा हातात घेतली, तोल चांगला वाटला. पण आवाज तो नाही, असं जुने लोक म्हणतात, आणि मला त्यांचं पटतं.

बायकांचं हर्लिंग असतं का?

असतं, त्याला कामोगी म्हणतात. संघटना १९०४ ची. नियम जवळपास तेच, चेंडू थोडा लहान. अंतिम सामना क्रोक पार्कलाच, तिकीट सहज मिळतं आणि खेळ अव्वल. मुलींना घेऊन जायला यासारखं काही नाही. एक गंमत, खरं तर संताप: २०२५ च्या मे महिन्यापर्यंत खेळाडूंना स्कर्टसारखा स्कॉर्टच घालावा लागायचा. त्यांनी शॉर्ट्स घालून निषेध केला, विशेष बैठकीत मतदान झालं आणि निवडीची मुभा मिळाली. मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी होकार दिला. मग इतकी वर्षं अडलं होतं कुठे, हे विचारायला नको.

स्कॉटलंडमध्ये शिंटी बघितली. तेच ना?

चुलतभाऊ. शिंटीत बारा जण, गोलरक्षकाशिवाय कुणी चेंडूला हात लावायचा नाही, आणि फक्त गोल मोजतात, पॉइंट नाहीत. काठी अरुंद. दोन्ही देशांचे संघ मधला मार्ग काढून, मिश्र नियमांनी एकमेकांशी खेळतात.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेत. त्यांना न्यावं का?

न्या, पण स्टँडचं तिकीट काढा आणि पायऱ्या कमी असलेली जागा बघा. मी नेलं होतं. बाबांना क्रिकेटखेरीज काही खेळ वाटत नाही. पहिली पंधरा मिनिटं ते "हे सगळं आडवं-तिडवं काय चाललंय" म्हणत होते. मग एका बचावपटूने तीन काठ्यांमधून हात वर काढून चेंडू झेलला आणि बाबा उभेच राहिले. आईने दोन्ही हातांनी डोळे झाकले होते, बोटांच्या फटीतून बघत होती. "त्याच्या आईला माहितीये का हा असं खेळतो ते?" एवढंच तिचं मत.

भारतातून बघता येईल?

येईल, जीएए प्लस या प्रक्षेपण सेवेवर पैसे भरून. उन्हाळ्यात आयर्लंड आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे आयर्लंडमधला दुपारी साडेतीनचा सामना भारतात रात्री आठला. रविवारची जेवणं आधी उरका. सुरुवात करायची तर २०२५ ची अंतिम लढत शोधा: मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे, आणि उत्तरार्धात त्यांचे फक्त दोन पॉइंट. टिपेरारी ३-२७, कॉर्क १-१८. कॉर्कला २००५ पासून विजेतेपद नव्हतं, आणि त्या दिवशीही मिळालं नाही. कॉर्कच्या माणसापुढे हा सामना आठवायचा नाही.

माझ्या मुलाला खेळायचंय. आपल्या रंगाच्या मुलाला घेतील?

घेतील. उन्हाळ्यात प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी जीएएची शिबिरं असतात, किंवा शनिवारी सकाळी सरळ गावच्या क्लबवर जा. हेल्मेट लागतंच, हर्ली पहिल्या दिवशी क्लब देतो. मोठ्या सामन्यांना जिल्ह्याच्या मैदानात खेळ संपला की मुलं हर्ली घेऊन आत पळतात, चेंडू टोलवतात, खेळाडूंकडून काठीवर सही घेतात. आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांचा मुलगा गेल्या वर्षी असाच घुसला. सही मिळाली. त्याने ती हर्ली भिंतीवर लावायला साफ नकार दिला, तो तिनेच खेळतो, आणि सही आता अर्धी पुसली आहे.